चिंध्यांची दोरी

कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. पूर्वी परभणी जिल्ह्यात असलेला हा भाग १ मे १९९९ रोजी निर्माण झालेल्या हिंगोली जिल्ह्यात आला. नामदेवांचे कुळ शिंप्याचे. कात्री, सुई आणि दोरा ही त्या घरच्या उपजीविकेची साधने. नामदेवांविषयी एक कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. एकदा ते भोजनास बसणार, इतक्यात एका कुत्र्याने कोरडी भाकरी तोंडात धरून पळ काढला. दुसरा कोणी असता, तर त्याने हाती काठी घेतली असती. नामदेवांनी तुपाची वाटी हाती घेतली आणि ते कुत्र्यामागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, हीच त्यांना चिंता!

या कथेत एक मोठे मर्म आहे. भाकरी तर कुत्र्यापाशी होतीच. उणीव होती ती तुपाची. मुक्या प्राण्याला कशाची उणीव आहे, हे नामदेवांनी त्याच्या बाजूने पाहिले. दया म्हणजे केवळ काही देणे नव्हे. ज्याला द्यावयाचे, त्याची गरज ओळखून देणे ही खरी दया होय.

आजही हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत कुत्रा हा माणसाचा सोबती आहे. शेतातील आखाड्यावर तो रात्रभर जागतो. सोयाबीनच्या किंवा हळदीच्या राशीजवळ परका माणूस आला, की भुंकून धन्याला उठवितो. मेंढरांच्या कळपामागून धनगराबरोबर तो कोसच्या कोस चालतो. ही सोबत फार जुनी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये काही प्राचीन धातुमूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे. रथात माणूस उभा आहे आणि पुढे रथाच्या दांडीवर एक लहानसा कुत्रा उभा आहे. रथ घडविणाऱ्या त्या अज्ञात कारागिराला, कुत्र्यावाचून माणसाचा प्रवास अपुरा वाटला असावा.

इतक्या जुन्या सोबत्याला आपण भाकरी घालतो, पाणी पाजतो आणि आपले कर्तव्य संपले असे समजतो. दिवसभर साखळीने बांधलेला कुत्रा मग चपला कुरतडतो, गोधडी फाडतो, वाळत घातलेले धोतर ओढून मातीत लोळवितो. घरची माणसे त्याला खोडकर म्हणतात, प्रसंगी मारतातही. परंतु हा त्याचा खोडसाळपणा नसतो. ती त्याची गरज असते.

कुत्र्याला हात नाहीत. माणूस जी कामे हातांनी करतो, त्यांपैकी पुष्कळशी कुत्रा तोंडाने करतो. एखादी वस्तू मऊ की कठीण, हे त्याला तोंडात धरून पाहावे लागते. लहान पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारणतः चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास ४२ पक्के दात त्यांची जागा घेतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि मिळेल ती वस्तू चावावीशी वाटते. शिवाय कुत्र्याचे पूर्वज लांडगे. ते सावज दातांत धरून ओढीत, फाडीत. ती ओढण्याची ऊर्मी घरच्या कुत्र्यातही शिल्लक आहे. म्हणून त्याच्या तोंडातून चप्पल काढून घेणे हा अर्धाच उपाय झाला. तिच्याऐवजी चावण्यास व ओढण्यास योग्य अशी वस्तू त्याला देणे हा पुरा उपाय होय. अशी वस्तू विकत आणण्याची आवश्यकता नाही. शिंप्याच्या दुकानातील किंवा घरातील जुन्या कपड्यांच्या चिंध्यांतून ती तासाभरात तयार होते.

मात्र प्रत्येक चिंधी या कामी येत नाही. त्याचे कारण कापडाच्या घडणीत आहे. धोतर, लुगडे, चादर ही मागावर विणलेली कापडे. त्यांत उभे व आडवे धागे एकमेकांखालून व वरून गेलेले असतात. असे कापड कापले, की कडेचे धागे मोकळे होतात आणि एकेक करून सुटू लागतात. सदरा फाटला म्हणजे त्याच्या कडेला दशा लोंबतात, त्या याच. याउलट बनियन, टी-शर्ट, स्वेटर यांचे कापड टाक्यात टाका अडकवून विणलेले असते. ते ताणले असता वाढते आणि सोडले असता पूर्ववत होते. यंत्रावर दाट विणलेल्या अशा कापडाच्या कडेला सहसा दशा सुटत नाहीत.

अशाच विणीचे एक कापड फ्लीस या नावाने ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात अमेरिकेत ते प्रथम तयार झाले. मेंढीच्या अंगावरील लोकरीला इंग्रजीत जे नाव आहे, तेच या कापडाला मिळाले. परंतु त्यात लोकर नसते. ते पॉलिएस्टर या कृत्रिम धाग्याचे असते. कापड विणून झाल्यावर त्याचा पृष्ठभाग यंत्रातील बारीक तारांनी विंचरतात. त्यामुळे त्यावर मऊ लव उभी राहते. हिवाळ्यातील हलकी पांघरुणे, कानटोप्या आणि जाकिटे यांसाठी ते वापरतात. ते मऊ असल्याने हिरड्यांना टोचत नाही, धुतल्यावर लवकर वाळते आणि कापले तरी त्याच्या दशा निघत नाहीत. म्हणून कुत्र्याच्या खेळण्यासाठी ते सर्वांत सोयीचे. जुने फ्लीस घरी नसेल, तर दोन जुने टी-शर्टही चालतात. नायलॉनची दोरी मात्र कधीही देऊ नये. तिचे राठ धागे हिरड्या सोलतात आणि तुटून पोटात जातात.

कापड प्रथम स्वच्छ धुवावे. त्यावरील गुंड्या, चेन, बंद आणि लवचीक पट्ट्या काढून टाकाव्यात. ओल्या कापडाचा रंग पांढऱ्या फडक्याला लागत असेल, तर ते घेऊ नये. मग कापड दोन्ही दिशांनी ताणून पाहावे. ज्या दिशेने ते कमी ताणले जाते, त्या दिशेने पट्ट्यांची लांबी धरावी. त्यामुळे दोरी बळकट होते. मध्यम आकाराच्या कुत्र्यासाठी ८ सेंटीमीटर रुंद आणि ७५ सेंटीमीटर लांब अशा तीन पट्ट्या कापाव्यात. लहान पिल्लासाठी ४ सेंटीमीटर रुंदी व ५० सेंटीमीटर लांबी पुरते. आखाड्यावरच्या थोराड कुत्र्यासाठी १० सेंटीमीटर रुंद व १ मीटर लांब पट्ट्या घ्याव्यात. कात्री चालविताना घरातील मोठे माणूस जवळ असावे.

आता तिन्ही पट्ट्या एकत्र धरून एका टोकाला घट्ट गाठ मारावी. गाठीबाहेर चार-पाच बोटे शेपूट राहू द्यावे. सुतळी वळणारे जसे दोरीचे टोक पायाच्या अंगठ्यात धरतात, तशी ही गाठ अंगठ्यात धरावी किंवा ती सोबत्याच्या हाती द्यावी. मग तिपेडी वेणी घालावी. उजवा पेड मधल्या पेडावरून आत आणावा. आता तोच मधला झाला. त्यानंतर डावा पेड या नव्या मधल्या पेडावरून आत आणावा. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. मुलींच्या वेण्या याच रीतीने घालतात. भेद इतकाच, की येथे प्रत्येक वेळी तिन्ही पेड सारख्या जोराने ओढून घट्ट करावयाचे. एक पेड सैल राहिला, तर सारा भार उरलेल्या दोघांवर पडतो आणि दोरी तेथेच तुटते. पोळ्याच्या सणासाठी बैलांच्या म्होरक्या व गोंडे तयार करणाऱ्या हातांना हे सांगावे लागत नाही.

वेणी पूर्ण होत आली, की दुसऱ्या टोकालाही तशीच गाठ मारावी. गाठी मारून आणि वेणी घालून दोरीची लांबी बरीच कमी होते. म्हणूनच पट्ट्या आरंभी लांब घ्यावयाच्या. तयार दोरी एवढी लांब असावी, की एक टोक कुत्र्याच्या तोंडात आणि दुसरे मुलाच्या हातात असताना दात व बोटे यांत पुरेसे अंतर राहील. शेवटी दोन मुलांनी दोन टोके धरून ती जोराने ओढून पाहावी. गाठी सरकल्या नाहीत, म्हणजे दोरी सिद्ध झाली.

दोरी करणे सोपे. तिने खेळणे त्याहून अवघड. खेळालाही नियम असतात. खेळाचा आरंभ मुलाने करावा, कुत्र्याने नव्हे. कुत्रा शांत बसला, की दोरी पुढे करावी. ती त्याच्या मानेच्या उंचीवर धरून डावी-उजवीकडे हलकेच ओढावी. वर हिसका देऊ नये, आणि दोरीला लोंबकळत कुत्र्याला उचलू तर मुळीच नये. त्यामुळे त्याच्या मानेला इजा होते. ज्या पिल्लाचे दात पडत आहेत, त्याच्याशी अगदी हलक्या हाताने खेळावे. मध्येच थांबून ‘सोड’ असे स्पष्ट सांगावे आणि हात स्थिर ठेवावा. ओढणारे कोणी उरले नाही, की खेळातील मौज संपते आणि कुत्रा आपोआप दोरी सोडतो. त्याने सोडताच त्याला शाबासकी द्यावी आणि दोरी पुन्हा त्याच्या तोंडी द्यावी. सोडले म्हणजे खेळ संपत नाही, उलट नव्याने सुरू होतो, हे त्याला थोड्याच दिवसांत कळते आणि ‘सोड’ हा शब्द त्याच्या अंगवळणी पडतो. पुढे कधी त्याने घातक वस्तू तोंडात धरली, तर हाच एक शब्द त्याचा जीव वाचवितो. खेळताना दात हाताला लागले, तर न रागावता उठून उभे राहावे आणि खेळ तेथेच थांबवावा.

अशा ओढाओढीत कुत्रा जिंकला, तर तो शेफारतो आणि धन्याला जुमानीत नाही, असा एक समज होता. इंग्लंडमधील रूनी व ब्रॅडशॉ या संशोधकांनी तो पडताळून पाहिला. गोल्डन रिट्रीव्हर जातीचे १४ कुत्रे घेऊन त्यांनी प्रत्येकाशी हा खेळ अनेकदा खेळविला. कधी कुत्र्याला जिंकू दिले, कधी हरविले. २००२ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जिंकल्यामुळे कुत्रे शिरजोर झाल्याचे दिसले नाही. उलट, हार असो वा जीत, खेळानंतर कुत्रे माणसाकडे अधिक लक्ष देऊ लागले. याच कारणास्तव शोधकार्याचे शिक्षण देताना श्वानाला अनेक ठिकाणी खाऊऐवजी खेळ हेच बक्षीस दिले जाते. कुत्र्याचे नाक आणि माणसाचे शिक्षण एकत्र आले, म्हणजे केवढे कार्य होते, हे १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबईत स्फोटके हुडकून काढणाऱ्या जंजीर या पोलीस श्वानाने दाखवून दिले.

खेळताना कुत्रा गुरगुरतो, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. खेळातील गुरगुरणे आणि रागातील गुरगुरणे यांत फरक आहे. खेळू पाहणारा कुत्रा पुढचे पाय जमिनीवर टेकून मागचा भाग वर उचलतो. त्याचे अंग सैल असते व शेपूट ऐसपैस हलत असते. रागावलेल्या कुत्र्याचे अंग ताठ होते, पाठीवरील केस उभे राहतात, दृष्टी खिळते आणि दात दिसू लागतात. अशा वेळी दोरी सोडून द्यावी, धावू नये, हळूहळू दूर व्हावे. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्र्याशी हा खेळ खेळू नये. अनोळखी व मोकाट कुत्र्याशी तर कधीच खेळू नये. मोठ्यांपैकी कोणीतरी जवळ असल्यावाचून दोरी बाहेर काढू नये, हेच उत्तम.

खेळ संपल्यावर दोरी कुत्र्यापाशी टाकून जाऊ नये. एकटा पडलेला कुत्रा ती चावून तिचे तुकडे गिळू लागतो. लांब धागा किंवा पट्टी पोटात गेली, तर ती आतड्यात अडकते, आतडे दुमडते आणि पशुवैद्याने शस्त्रक्रिया केल्यावाचून सुटका होत नाही. ज्या खेळण्याने त्याला आनंद द्यावयाचा, तेच असे त्याच्या जिवावर बेतते. म्हणून दोरी उंच खुंटीवर टांगावी. दर आठवड्याला ती धुवावी आणि दोन्ही हातांनी चाचपून पाहावी. एखादा पेड फाटला असेल, गाठ सैल झाली असेल, तर मोह न धरता ती टाकून द्यावी व नवी करावी. चिंध्यांना तोटा नाही.

आणखी एका गोष्टीत हयगय चालत नाही. पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून रेबीज हा रोग माणसाला होतो आणि त्याची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी बहुधा वाचत नाही. परंतु वेळीच लस घेतली, तर हा रोग टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी फ्रान्समधील शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलावर या लसीचा उपचार सुरू केला आणि तो मुलगा वाचला. आज ही लस सरकारी रुग्णालयांत मिळते. कुत्र्याचा दात किंवा नख लागून जखम झाली, तर ती साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी, घरी लगेच सांगावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. मार बसेल या भीतीने जखम लपवून ठेवणे हा सर्वांत मोठा धोका आहे. हळदीच्या या प्रदेशात कोणत्याही जखमेवर हळद दाबण्याची सवय आहे. कुत्र्याच्या चाव्यावर मात्र हळद, चुना किंवा तिखट काहीही लावू नये. पाळलेल्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर आणि पुढे पशुवैद्य सांगतील तेव्हा लस टोचून घ्यावी. लस टोचलेला कुत्रा घराचे रक्षण करतो. न टोचलेला घराला संकटात लोटू शकतो.

तीन चिंध्या, दोन गाठी आणि दिवसातील पाव तास, एवढ्यात एका मुक्या जिवाचा दिवस बदलून जातो. साखळीपाशी पडून राहिलेला कुत्रा दोरी दिसताच कान टवकारतो. चपला जागच्या जागी राहतात आणि त्याच्या पाठीवर पडणारी काठी कोपऱ्यात उभी राहते. त्याबरोबर मुलालाही काही शिकावयास मिळते. आपल्याहून दुर्बळ जीव दोरीच्या दुसऱ्या टोकाला असताना किती जोर लावावा, केव्हा थांबावे आणि केव्हा आपण होऊन हार घ्यावी, हे ती दोरी शिकविते. नामदेवांच्या घरी कापडही होते आणि कुत्र्याविषयी कळवळाही होता. कापडाच्या चिंध्या आजही प्रत्येक घरी आहेत. कळवळा तेवढा आपण आणावयाचा आहे.

शब्दार्थ

मर्म – आतील खरा अर्थ. आखाडा – शेतातील राहण्याची व गुरे बांधण्याची जागा. ऊर्मी – मनातील उसळी, ओढ. दशा – कापडाच्या कडेचे सुटे धागे. पेड – दोरीचा किंवा वेणीचा एक पदर. म्होरकी – बैलाच्या तोंडाभोवती बांधावयाची दोरी. शिरजोर – वरचढ, न जुमानणारा. हयगय – निष्काळजीपणा. कळवळा – मनापासून वाटणारी दया.

अभ्यास

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) नामदेव कुत्र्यामागे काय घेऊन धावले?
(आ) दायमाबाद येथील रथावर कुत्रा कोठे उभा आहे?
(इ) पिल्लाला दुधाचे दात किती असतात?
(ई) कुत्र्याचा दात लागल्यास जखम किती वेळ धुवावी?

२. कारणे द्या.
(अ) धोतराच्या चिंधीपेक्षा टी-शर्टची पट्टी या कामी अधिक उपयोगी पडते.
(आ) तिन्ही पेड सारखे घट्ट असावे लागतात.
(इ) खेळ संपल्यावर दोरी उंच खुंटीवर टांगावी.

३. पाच-सहा वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) खेळातील गुरगुरणे आणि रागातील गुरगुरणे कसे ओळखाल?
(आ) ‘सोड’ हा शब्द कुत्र्याला कसा शिकवावा? त्याचा उपयोग कोणता?
(इ) ‘गरज ओळखून देणे ही खरी दया होय,’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
पळ काढणे, अंगवळणी पडणे, कान टवकारणे, जिवावर बेतणे.

५. पुढील वाक्ये कंसातील सूचनेप्रमाणे बदला.
(अ) दोरी करणे सोपे आहे. (नकारार्थी करा.)
(आ) चिंध्यांना तोटा नाही. (होकारार्थी करा.)

६. उपक्रम : घरातील मोठ्यांच्या मदतीने तिपेडी दोरी तयार करा. वेणी घालण्यापूर्वीची पट्ट्यांची लांबी आणि तयार दोरीची लांबी मोजा. लांबी किती कमी झाली ते वहीत लिहा आणि दोरी करण्याची कृती आपल्या शब्दांत क्रमाने मांडा.